कारखान्याच्या शेजाऱ्यांनी कागद कसे मागावेत

'रात्री फार वास येतो, कृपया योग्य ती कारवाई करावी.' असं पत्र आलं की आमच्या ऑफिसात कुणाच्या कपाळावर आठीही पडत नसे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीत सुरक्षा आणि पर्यावरण विभागात होते. शेजारच्या वस्त्यांतली पत्रं माझ्याच टेबलावर यायची. अशा पत्राचं उत्तर कॉम्प्युटरमध्ये तयार असायचं, फक्त तारीख आणि नाव बदलायचं: 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आमचा कारखाना सर्व नियमांचे काटेकोर पालन करतो.' विषय मिटला.

क्वचित एखादं पत्र वेगळं असायचं. प्रदूषण मंडळानं दिलेल्या तुमच्या संमतीपत्रातल्या अमुक अटीनुसार बॉयलरच्या चिमणीतल्या धुराची मोजणी व्हायला हवी, तर मागच्या तीन महिन्यांचे अहवाल द्या, असं त्यात लिहिलेलं असायचं. ते पत्र मॅनेजरकडे जायचं, तिथून वकिलाकडे, तिथून हेड ऑफिसला. त्या दिवशी आमचं जेवणही उशिरा व्हायचं.

निवृत्त झाल्यावर चेंबूरला राहायला आले आणि आता सोसायट्यांना, गावठाणातल्या लोकांना ही दुसऱ्या प्रकारची पत्रं लिहायला मदत करते. सगळ्यांना पहिल्या बैठकीत एकच सांगते. कंपनी प्रदूषण मंडळाला काहीतरी लिहून देते, शेअरवाल्यांना काहीतरी, जिल्हाधिकाऱ्यांना काहीतरी. हे सगळं सहीशिक्क्यानिशी असतं, आणि ते एकमेकांशी जुळतं का हे कुणीही पाहत नाही. ते पाहण्याचं काम शेजाऱ्यांनी करायचं.

आधी वही

कागद मागण्याआधी स्वतःचा एक कागद हवा. साधी आडव्या रेघांची वही घ्या आणि ती वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, कारण रात्री दोन वाजता जागा तोच असतो. तारीख, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वास कसला, वारा कुठून, कुणाला काय त्रास झाला, आणि नोंद करणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरतात.

'घाण वास' असं लिहू नका. नाकात झिणझिण्या आणणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा, केसांच्या डायसारखा वास अमोनियाकडे बोट दाखवतो. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. त्याची एक वाईट खोड आहे: प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. पेट्रोलपंपावर येतो तसा वास असेल तर तसंच लिहा. वाऱ्यासाठी गच्चीवरचे कपडे किंवा अगरबत्तीचा धूर पुरे. मुंबईत दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो, पहाटे उलटा फिरतो आणि थंडीत सकाळी हवा जागची हलत नाही. म्हणून एकाच कारखान्याचा वास दुपारी एका गल्लीत आणि पहाटे दुसऱ्याच गल्लीत येऊ शकतो.

वहीत कंपनीचं नाव मात्र लिहायचं नाही. नाव लिहिलं की ती नोंद राहत नाही, आरोप होतो, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, मानखुर्द, घाटकोपरपासून पवई-अंधेरीपर्यंत लोकांना गॅसचा वास आला. अग्निशमन दलाच्या गाड्या फिरल्या, गॅस कंपनीची माणसं फिरली, तरी वास कुठून आला ते लगेच सापडलं नाही. त्या रात्री पूर्व उपनगरांतल्या वीस-पंचवीस सोसायट्यांकडे वेळ आणि वारा लिहिलेल्या वह्या असत्या, तर नकाशावर रेघा ओढून निदान दिशा तरी सांगता आली असती.

वास तीव्र असेल तर आधी पालिकेच्या १९१६ वर फोन करा, तक्रार क्रमांक घ्या आणि तोही वहीत टिपा. आग किंवा स्पष्ट गळती दिसत असेल तर १०१. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या 'समीर' ह्या सरकारी अ‍ॅपवर आकडा हिरवा दिसतो म्हणून गप्प बसू नका. हवेचा तो निर्देशांक आठ प्रदूषकांवर काढतात आणि त्यात बेन्झीन नाही. बेन्झीनचं राष्ट्रीय मानक वेगळं आहे, घनमीटरला वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम, आणि ते वेगळंच विचारावं लागतं.

कंपनी कोणत्या प्रकारातली

कोणता कागद कुठं मिळेल हे ह्यावर ठरतं. कंपनी सरकारी आहे का? आरसीएफ, बीपीसीएल, एचपीसीएल अशा कंपन्यांना माहितीचा अधिकार थेट लागू आहे, त्यांच्याच जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज करता येतो. खासगी असेल तर तिनं सरकारी कार्यालयांत दिलेले कागद त्या कार्यालयांकडून मागायचे. शेअर बाजारात नोंदलेली आहे का, हे दुसरं. पर्यावरण मंजुरी घ्यावी लागली आहे का, हे तिसरं. आणि धोकादायक रसायनांचा साठा कायद्यातल्या मर्यादेच्या वर आहे का, हे चौथं. त्यावर पुढे येते.

संमतीपत्र: इथं वेळ घाला

पाणी प्रदूषणाचा १९७४ चा आणि हवा प्रदूषणाचा १९८१ चा कायदा ह्यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला चालवण्याची संमती देतं. हा कागद म्हणजे कारखान्याची जन्मपत्रिका समजा. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं सापडतात. नाही सापडलं तर सायन सर्कलजवळ कल्पतरू पॉइंटमध्ये मंडळाचं मुख्यालय आहे, तिथं जा. पाण्याच्या कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही मंडळानं ठेवायची असते आणि ज्याच्यावर परिणाम होतो त्याला ती पाहायला द्यायची असते. हे कलम काउंटरवर बसलेल्यांनाही कधीकधी ठाऊक नसतं, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या.

संमतीपत्र दहा-पंधरा पानांचं असतं आणि बहुतेक जण पहिलं पान बघून ठेवून देतात. तुम्ही असं वाचा. सगळ्यात आधी मुदत कधी संपते ते बघा. मग उत्पादनांची यादी आणि प्रत्येकापुढचा महिन्याचा किंवा वर्षाचा आकडा. त्यानंतर चिमण्यांचा तक्ता, त्यात उंची, इंधन आणि मर्यादा असतात. मग सांडपाणी: रोज किती, आणि ते कुठं सोडायचं. शेवटी बँक हमीचं पान. ते सोडू नका. मंडळ काही अटींसाठी कंपनीकडून बँक हमी घेऊन ठेवतं आणि अट मोडली तर ती जप्त करतं. कुठल्या अटीसाठी हमी घेतली आहे हे पाहिलं की मंडळाला स्वतःला कशाची भीती वाटते ते कळतं.

आता ताडायला लागा. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कंपनीला पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म पाच, मंडळाकडे द्यावा लागतो. त्यात एकेका उत्पादनामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला ते असतं. ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म चार. त्यात किती टन कचरा निघाला आणि किती कुठं पाठवला हे असतं, आपल्याकडचा पुष्कळसा तळोज्याला जातो. पर्यावरण मंजुरी असेल तर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल; हा कायद्यानंच सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधता येतो.

हे चार कागद शेजारी ठेवले की काय दिसतं? संमती शंभर टनांची आणि कच्च्या मालाच्या वापरावरून उत्पादन दीडशे टनांचं निघतंय. उत्पादन वाढलं आणि कचरा तेवढाच राहिला. पाणी घेतलं भरपूर, सांडपाणी मात्र नाममात्र. हे शोधायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, दहावीचं गणित पुरतं. सोसायटीत एखादा निवृत्त बँकवाला असतोच, त्याला बसवा. बॅलन्सशीट वाचणारी माणसं ह्यात केमिस्टपेक्षा तरबेज असतात, हे मी पाहिलंय.

हे किती महत्त्वाचं आहे ते विशाखापट्टणमनं दाखवलं. ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन ह्या रसायनाची विषारी वाफ सुटली, माणसं गेली. पुढे बाहेर आलं की जेवढं उत्पादन चालू होतं तेवढ्यासाठी वैध पर्यावरण मंजुरीच नव्हती, आणि हे कंपनीनं स्वतःच्या २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं होतं. म्हणजे कागद सरकारदरबारी आधीपासून पडलेला होता.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत दोन जादा अटी आहेत, अर्ज १५० शब्दांच्या आत हवा आणि एका अर्जात एकच विषय. लोक चार पानांची कैफियत लिहितात आणि अर्ज परत येतो. 'का' आणि 'कसे काय' विचारू नका. कारण मागितलं की 'हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं. कागदच मागा. मी वापरते तो मजकूर असा:

'(कंपनीचे नाव व पूर्ण पत्ता) या कारखान्याबाबत खालील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात. एक, सध्या लागू असलेले संमतीपत्र. दोन, मागील दोन आर्थिक वर्षांत मंडळाच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या भेटींचे अहवाल आणि घेतलेल्या नमुन्यांचे प्रयोगशाळा अहवाल. तीन, या काळात बजावलेल्या कारणे दाखवा नोटिसा व निर्देश आणि त्यांना कंपनीने दिलेली उत्तरे. चार, मागील दोन वर्षांचे फॉर्म पाच. पाच, बँक हमी जप्तीचे आदेश, असल्यास. प्रती देण्याआधी मला संपूर्ण फाइलची पाहणी करायची आहे, तारीख कळवावी.'

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. फाइल समोर आली की जे मागायचं सुचलंच नव्हतं ते दिसतं, विशेषतः अधिकाऱ्यांनी कडेला पेनानं लिहिलेले शेरे.

'व्यापारी गुपित आहे' म्हणून नकार आला तर घाबरू नका. कलम ८(१)(ड) मध्ये ती सवलत आहे खरी, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही त्याच कलमात आहे. चिमणीतून काय बाहेर पडतं हे गुपित कसं होईल? ते तर आमच्या खिडकीतून घरात येतं. ३० दिवसांत पहिलं अपील करा. बहुतेक कागद पहिल्या अपिलाच्या सुनावणीला मिळतात.

धोक्याची माहिती न मागता मिळायला हवी

३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळमध्ये माणसं घराबाहेर पडून पळाली, पण सुटलेला वायू कोणता आणि पळायचं कुठल्या दिशेनं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण कायदा आला आणि त्याखाली १९८९ चे घातक रसायनांबाबतचे नियम. त्यांतला नियम १५ शेजाऱ्यांसाठी आहे. मोठ्या अपघाताचा फटका ज्यांना बसू शकतो त्यांना धोका कोणता, खबरदारी कोणती, काय करायचं आणि काय टाळायचं, हे कारखानदारानं स्वतःहून किंवा जिल्हा यंत्रणेमार्फत कळवायचं आहे. क्लोरीनचा साठा १० टन किंवा त्याहून जास्त असेल, अमोनिया ६० टन किंवा जास्त असेल, तर हा नियम लागू होतो. क्लोरीन २५ टनांच्या पुढे गेला की सविस्तर सुरक्षा अहवालही लागतो.

कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन आराखड्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या वस्तीसाठीच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून निदान एकदा व्हायला हवी. तुमच्या इमारतीत कुणाला अशी तालीम आठवते का? सभेत हात वर करायला सांगा आणि तो आकडा पत्रात लिहा.

रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर क्रायसिस ग्रुप, म्हणजे आपत्कालीन गट, नेमले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्याची बैठक दर ४५ दिवसांनी आणि स्थानिक गटाची दर महिन्याला व्हावी असं नियम म्हणतो. स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस असतात. शिवाय परिसरातले दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक ह्यांनाही जागा आहे. ह्या जागांवर सध्या कोण आहे ते विचारा. चेंबूर-माहुल-ट्रॉम्बे मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, त्यामुळे अर्ज वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला. आणि दुसरा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. मागच्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं मागा. बैठका झाल्याच नसतील तर ते लेखी मिळणं हासुद्धा कागदच आहे.

माहितीपत्रक मिळालं तर ते मराठी, हिंदीत आहे का पाहा. गोवंडीत उर्दूही हवं. त्यात ह्या तीन गोष्टी नसतील तर परत पाठवा: वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघायचं, क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, म्हणून तळमजला आणि खड्डे सोडून वर जायचं, अमोनियासाठी नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. 'घाबरून जाऊ नका' एवढंच छापलेली पत्रकंही मी पाहिली आहेत.

एक गोष्ट ध्यानात असू द्या, धोका नेहमी कारखान्याच्या भिंतीआड असतो असं नाही. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभरहून अधिक लोकांना त्रास झाला. गोदामं, बंदराची आवारं, बंद पडलेले कारखाने ह्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा की जागेचा ताबा कुणाकडे आहे.

कंपनीला पत्र

आता कुठं कंपनीला लिहायचं. आधी नाही. पत्ता गेटवरच्या सिक्युरिटीचा नको, 'कारखान्याचे ऑक्युपायर' ह्या नावानं लिहा, कायद्यात जबाबदार माणूस तोच. गेटवर दिलं तर इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं आहे.

'आम्ही आपल्या कारखान्यापासून सुमारे ___ मीटरवर राहतो. सोबत ___ ते ___ या काळातील वासाच्या नोंदींची प्रत जोडली आहे. या वेळांत आपल्या कारखान्यात (१) कोणती प्रक्रिया सुरू होती, (२) फ्लेअर किंवा स्क्रबरमध्ये बिघाड झाला होता का, (३) ऑनलाइन मोजणी यंत्राची नोंद काय होती, हे १५ दिवसांत लेखी कळवावे. नियम १५ प्रमाणे शेजाऱ्यांना द्यायचे माहितीपत्रक व मागील रंगीत तालमीची तारीख कळवावी. या पत्राची आपल्या समुदाय-तक्रार नोंदवहीत नोंद करून क्रमांक द्यावा. प्रत: प्रादेशिक अधिकारी, म.प्र.नि. मंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, जिल्हाधिकारी.'

पत्रातला फ्लेअर म्हणजे जादा वायू जाळणारी मशाल आणि स्क्रबर म्हणजे बाहेर जाणारा वायू धुऊन साफ करणारं यंत्र. आणि तो नोंदवहीचा क्रमांक कशाला? बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात बीआरएसआर नावाचं, कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचं विवरण सक्तीचं केलंय. त्यात तक्रारींचा एक तक्ता आहे आणि त्याची पहिलीच ओळ स्थानिक समुदायाची: तक्रार करायची सोय आहे का, वर्षात किती तक्रारी आल्या, किती शिल्लक. आता तुमच्याकडे शिक्का मारलेली सहा पत्रं आहेत आणि अहवालात त्या ओळीत शून्य छापलंय. हा विसंगतीचा कागद कंपनीच्या कंपनी सेक्रेटरीला पाठवा. कारखान्याचा मॅनेजर तुम्हाला वर्षभर टाळू शकतो, पण कंपनी सेक्रेटरीला अहवालातल्या आकड्यासाठी उत्तर द्यावं लागतं. एक शेअर घेऊन ठेवलात तर वार्षिक सभेत बोलायलाही नाव नोंदवता येतं. आमच्या शेजारच्या काकांनी तोच मार्ग धरलाय, डिव्हिडंडचे पैसे चहालाही पुरत नाहीत म्हणतात, पण दर वर्षी प्रश्न विचारतात.

कंपनी लहान आणि बाजाराबाहेरची असेल तर तिचा मोठा खरेदीदार कोण ते शोधा आणि पत्राची प्रत तिकडे धाडा. खरं सांगायचं तर आम्ही मंडळाच्या अधिकाऱ्यापेक्षा परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरला जास्त घाबरायचो. 'रिस्पॉन्सिबल केअर'चा लोगो लावला असेल तर तेही उपयोगी. १९८५ साली कॅनडात सुरू झालेली ही रसायन उद्योगाची स्वतःहून घेतलेली शिस्त. भारतात लोगो देते ती इंडियन केमिकल कौन्सिल, तिचं कार्यालय फोर्टमध्येच आहे. शेजाऱ्यांना माहिती देणं आणि आपत्कालीन तयारी हा त्या शिस्तीचाच भाग आहे. लोगो ऑडिटनंतर ठरावीक मुदतीसाठी मिळतो, म्हणून पत्राची प्रत कौन्सिललाही.

बाकं, छत्र्या आणि आरोग्य शिबिर

पत्रांचा जोर वाढला की हे येतंच. शाळेला बाकं, गणपतीला जाहिरात, डोळे तपासणी शिबिर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असतं. तो पैसा घ्या की, तो काही उपकार नाही. पण चिमणीची दुरुस्ती त्या २ टक्क्यांत बसत नाही आणि बाकांनी स्क्रबर चालत नाही. दोन्ही विषयांची बैठक एकाच दिवशी ठेवू देऊ नका. गणेश मंडळाच्या खजिनदाराला हे आधी समजावून सांगा, नाहीतर गणपतीच्या आधी तुमची बाजू दुबळी होते.

दुसरी फूट कामगारांवरून पाडतात: 'तुम्ही तक्रार केली तर कारखाना बंद होईल, पोरांच्या नोकऱ्या जातील.' कंत्राटी कामगार आपल्याच वस्तीतले असतात आणि गळतीत पहिला घास त्यांचाच जातो. त्यांना बैठकीला बोलवा, मात्र त्यांचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. मुकादमाच्या कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो.

जनसुनावणी

नवा प्रकल्प किंवा विस्तार असेल तर पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस येते. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना ह्यातून सूट आहे, म्हणून एमआयडीसीत ती सहसा दिसत नाही. बोलायला जमत नसेल तर लेखी हरकत द्या. शेवटपर्यंत थांबा: कामकाजाचा गोषवारा तिथंच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर त्याच क्षणी उठून सांगायचं.

पुढचं दार

मंडळ हलत नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, भरपाईसाठी पाच वर्षांत. म्हणून पत्रव्यवहारात वर्ष घालवू नका. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १००० रुपये. अपघातात इजा झाली तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो, आणि तिथं कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्यासाठी त्याच दिवशीचा केसपेपर हवा. 'वायूचा संपर्क' हे शब्द डॉक्टरांना लिहायला सांगा. नुसतं 'खोकला' लिहिलेला केसपेपर पुढे उपयोगी पडत नाही.

माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी हेच दार ठोठावलं. त्यांच्या प्रकरणात वजन पडलं ते केईएम रुग्णालयाच्या पाहणीचं: ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणानं लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये एचपीसीएल, बीपीसीएल, एजिस आणि सीलॉर्ड ह्या चार कंपन्यांनी मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. ह्या दोन आदेशांमध्येच साडेचार वर्षांहून जास्त काळ गेला. त्यामुळे फाइल टिकायला हवी.

फाइल सेक्रेटरीच्या घरी ठेवू नका. कमिटी बदलते, माणसं फ्लॅट विकून जातात, आणि कागद माळ्यावर राहतात. सोसायटीच्या कपाटात एक संच आणि स्कॅन करून दोघा-तिघांच्या मोबाइलवर एक. वरच्या पानावर मोठ्या अक्षरात संमतीपत्राची मुदत संपण्याची तारीख लिहा. त्याआधी तीन-चार महिने तुमच्या वहीच्या प्रती, कागदांतल्या विसंगतींचा तक्ता आणि नूतनीकरणात घालाव्यात अशा अटींची मागणी मंडळात शिक्क्यासह पोचली पाहिजे. नूतनीकरणाचा प्रस्ताव चर्चेला येतो तेव्हा फाइलमध्ये जे असतं त्यावरच बोललं जातं.